हुकूम जर्मनमध्ये, घरी चेक: ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या रेल्वे कामगारांची गोष्ट

माझे आजोबा रेल्वेत सांधेवाले होते. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण सकाळी मोरी रिकामी झाली की बाहेर येताना ते "लाइन क्लिअर" म्हणायचे आणि कुणाचं लग्न जमता जमता अडलं की "अजून सिग्नल पडेना" म्हणायचे. प्लॅटफॉर्मचं फलाट आपल्याच लोकांनी केलं. ज्या भाषेत नोकरी, तिचे शब्द घरात येतातच, त्याला कोणी परवानगी विचारत नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या मी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या जुन्या साम्राज्याबद्दल वाचतेय आणि तिथेही अगदी हेच दिसलं. रुळांवर पहारा देणाऱ्या माणसाला जर्मनमध्ये वेख्टर म्हणायचे, चेक बोलीत तो झाला वेख्तर आणि हंगेरियनमध्ये बाक्तेर. रेल्वेत काम करणारा तो जर्मनमध्ये आइझनबानर, चेक लोक त्याला म्हणायचे आयझन्बोन्याक आणि स्लोव्हेन लोक म्हणायचे आयझेन्पोनार. म्हणजे ज्या भाषेविरुद्ध सभा घेतल्या, मोर्चे काढले, तिचेच शब्द ह्या लोकांच्या तोंडात इतके मुरले की आजही चेक माणूस रेल्वेवाल्याला त्याच नावाने हाक मारतो. मला वाटतं ह्या एका गोष्टीतून सगळा प्रश्न समजायला सुरुवात होते, कारण रेल्वे ही त्या साम्राज्याला बांधून ठेवणारी वस्तू होती आणि तिच्यामुळेच लोक एकमेकांच्या समोर उभे राहिले, आणि दोन्ही एकाच वेळी चाललेलं होतं.

आधी थोडं बॅकग्राउंड. १८६७ साली ह्या साम्राज्याचे दोन भाग झाले, एक ऑस्ट्रियाचा, राजधानी व्हिएन्ना, आणि दुसरा हंगेरीचा, राजधानी बुडापेस्ट. सम्राट दोन्हीकडे एकच, फ्रान्झ योसेफ, जो १८४८ ला गादीवर आला आणि १९१६ ला मरेपर्यंत गादीवरच होता. लष्कर, परराष्ट्र खातं आणि त्या दोघांच्या खर्चापुरतं अर्थखातं एवढंच सामाईक, बाकी कारभार वेगळा, रेल्वेसुद्धा वेगळी. १९१० च्या शिरगणतीत सगळे मिळून ५ कोटींच्या आसपास लोक होते. नुसत्या ऑस्ट्रियाच्या भागात जर्मन बोलणारे साधारण ३६ टक्के, चेक २३ टक्के, पोलिश १८ टक्के, रुथेनियन म्हणजे आजचे युक्रेनियन १३ टक्के, आणि शिवाय स्लोव्हेन, इटालियन, क्रोएशियन, रोमानियन. म्हणजे कुणाचंच स्पष्ट बहुमत नाही. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र लगेच कळेल.

आणि एक महत्त्वाची गोष्ट, कायद्याने सगळे समान होते. ऑस्ट्रियाच्या १८६७ च्या मूलभूत कायद्यातलं कलम १९ सांगायचं की राज्यातल्या सगळ्या लोकसमूहांना समान हक्क आहेत, आणि शाळेत, कचेरीत, सार्वजनिक जीवनात त्या त्या प्रांतात चालणाऱ्या सगळ्या भाषा समान आहेत. कागदावर फार सुंदर कलम आहे. पण आता ह्या कलमाला घेऊन तुम्ही एखाद्या स्टेशनात जा, आणि विचारा की बाबा, इथे समान म्हणजे नक्की काय करायचं?

विचार करा, एकेरी लाइन आहे. इकडच्या स्टेशनातून गाडी सोडायची तर पलीकडच्या स्टेशनाला तार करून विचारायचं की लाइन मोकळी आहे का, तिकडून होकार आला की मगच गाडी सोडायची. तार करणारा चेक, पलीकडे तार घेणारा जर्मन, गाडी पोलंडच्या बाजूने आलेली, तिचा गार्ड पोलिश. इथे प्रत्येकाने आपापल्या भाषेत बोलायचं ठरवलं तर गाड्या समोरासमोर येतील. त्यामुळे रेल्वेला एक भाषा लागतेच ह्यात काही खोट नव्हती, आणि ती भाषा जर्मन ठरली कारण कारभाराची जुनी भाषा तीच होती आणि लष्करालाही तीच हवी होती. लष्कराने आपल्यापुरता तोडगा काढला होता, हुकुमाचे साधारण ८० शब्द जर्मन, ते सगळ्या शिपायांनी पाठ करायचे, आणि बाकी शिकवणं-समजावणं त्या त्या रेजिमेंटच्या भाषेत. आणि लढाई लागली तर लाखो शिपाई रेल्वेनेच सरहद्दीवर न्यायचे, त्यामुळे रेल्वेच्या भाषेला हात लावू द्यायला सेनापती अजिबात तयार नव्हते.

तर तोडगा असा निघाला की भाषेचे दोन भाग करायचे, बाहेरची भाषा आणि आतली भाषा. सोप्या शब्दांत सांगायचं तर तिकीट खिडकी डोळ्यापुढे आणा. खिडकीच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाने चेकमध्ये विचारलं तर त्याला चेकमध्येच उत्तर मिळायला हवं, ही बाहेरची भाषा. पण खिडकीच्या मागे, म्हणजे तिकीटवाल्याने आपल्या साहेबाला लिहायचं, दुसऱ्या स्टेशनाला तार करायची, रजेचा अर्ज द्यायचा, अपघाताचा रिपोर्ट लिहायचा, ते सगळं जर्मनमध्ये, ही आतली भाषा. बोहेमिया आणि मोराव्हिया म्हणजे आजचा चेक देश, तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी बाहेरच्या भाषेचा नियम १८८० मध्ये पक्का झाला. आणि इथूनच पुढची सगळी भांडणं खिडकीच्या मागची आहेत.

कारण खिडकीच्या मागे पगार होता. रेल्वेची नोकरी म्हणजे तेव्हाच्या गरीब माणसासाठी काय होती हे ज्यांच्या घरात रेल्वेची नोकरी होती त्यांना वेगळं सांगायला नको. कायम झालात की पेन्शन, युनिफॉर्म, राहायला क्वार्टर, प्रवासाचा पास. आसपास सगळे शेतमजूर नाहीतर गिरणीत हप्त्यावर काम करणारे, त्यांच्यात हा एक माणूस असा ज्याचा म्हातारपणाचा प्रश्न सुटलेला. पण ऑस्ट्रियन रेल्वेत माणसांची उतरंड होती, वर अधिकारी, त्यांच्या खाली दुय्यम अधिकारी, त्यांच्या खाली नोकर-चाकर वर्गातले कायम कर्मचारी, आणि सगळ्यात खाली रोजंदारीवरचे कामगार. रूळ ठोकायला, कोळसा भरायला कुठलीच भाषा लागत नाही, पण एकेक पायरी वर चढताना परीक्षा असायची आणि वरच्या परीक्षांना जर्मन लागायचंच. म्हणजे चेक किंवा स्लोव्हेन पोराने आयुष्यभर गाडीखाली वाकून डबे जोडायचे की टेबलावर बसायचं हे त्याच्या हाताच्या कौशल्याबरोबर भाषेवरही ठरणार. जर्मन घरातल्या पोराला ही पायरी जन्मापासून फुकट मिळालेली.

आता इथे सगळे म्हणतील की जर्मन लोक वर आणि बाकीचे खाली, अन्याय स्पष्ट आहे. पण थांबा, इथे एक पीळ आहे आणि तो समजल्याशिवाय त्या काळातला जर्मन कामगार एवढा का चिडला होता ते कळत नाही. चेक माणूस नोकरीसाठी जर्मन शिकायचा, शिकावंच लागायचं. जर्मन माणूस चेक शिकायचा नाही, त्याला कधी गरजच पडली नव्हती. मग जिथे दोन्ही भाषा येणारा माणूस हवा तिथे कोण उरला? चेक. बोहेमियाच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात गावं जर्मन होती, पण तिथल्या सरकारी रेल्वेच्या स्टेशनांत हळूहळू चेक माणसं दिसायला लागली आणि तिथले जर्मन लोक म्हणायला लागले की आमच्याच गावात आमच्या पोरांना नोकरी नाही, बाहेरचे येऊन बसलेत. एकाच रेल्वेबद्दल चेक म्हणतोय की ती जर्मन आहे आणि जर्मन म्हणतोय की ती चेकांनी घेतली, आणि मला प्रामाणिकपणे वाटतं की दोघंही आपापल्या स्टेशनातून जे दिसत होतं तेच सांगत होते.

१८९७ मध्ये ह्याचा स्फोट झाला. पंतप्रधान बादेनी, मूळचे पोलिश सरदार घराण्यातले, त्यांनी एप्रिलमध्ये हुकूम काढला की बोहेमिया-मोराव्हियाच्या सरकारी कचेऱ्यांत खिडकीच्या मागेसुद्धा चेक चालेल आणि १ जुलै १९०१ पर्यंत अधिकाऱ्यांनी दोन्ही भाषा शिकून घ्यायच्या. झालं, जर्मन भागांत आगडोंब उसळला, व्हिएन्नाच्या संसदेत हाणामारी, रस्त्यावर दंगली, नोव्हेंबरमध्ये बादेनींना जावं लागलं आणि मग प्रागमध्ये चेक लोक रस्त्यावर उतरले. १८९९ ला ते हुकूम पूर्ण मागे घेतले गेले. रेल्वेत आतली भाषा जर्मन होती ती जर्मनच राहिली. पण त्या एका वर्षात स्टेशनात शेजारी शेजारी ड्युटी करणाऱ्या माणसांना आपण आधी चेक किंवा जर्मन आहोत हे असं काही शिकवलं गेलं की ते पुढे कुणी विसरलं नाही.

बदल्यांचं प्रकरण तर मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं वाटलं. रेल्वेवाला एका जागी राहत नाही, बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं, आजोबांच्या तीन मुलांचा जन्म तीन वेगळ्या गावांतला आहे. आता ऑस्ट्रियाच्या शाळेच्या कायद्यात असं होतं की साधारण तासाभराच्या चालीच्या आत पाच वर्षांच्या सरासरीने ४० मुलं असतील तर तिथे सार्वजनिक शाळा काढायची, आणि कोर्टांच्या निकालांमुळे हाच हिशेब अल्पसंख्य भाषेच्या शाळेलाही लागू झाला. मग हिशेब करा, एखाद्या जर्मन गावात जंक्शन झालं, शेड झाली, १५ चेक कुटुंबं राहायला आली, घरटी तीन पोरं धरली तर ४५ होतात. चेक शाळा मागायचा हक्क तयार. शाळा आली की चेक मास्तर येणार, मास्तर आला की वाचनालय, नाटक मंडळी, निवडणुकीत उमेदवार. गावातल्या जर्मन लोकांना ते १५ सांधेवाले, फायरमन आणि शेडमधले खलाशी म्हणजे चढाई करणारं सैन्य वाटायला लागलं, आणि तो बिचारा फायरमन फक्त बदलीच्या ऑर्डरवर आलेला. दोन्ही बाजूंनी १८८० मध्येच शाळांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या मोठ्या संस्था काढल्या होत्या, त्यामुळे पोरगं कुठल्या शाळेत घालायचं हा आईबापांचा घरगुती निर्णय राहिलाच नाही. शेजारी, मुकादम, संस्थेचा कार्यकर्ता, सगळे दारात.

शिरगणतीचंही तेच. ऑस्ट्रियात मातृभाषा विचारत नव्हते, रोजच्या वापराची भाषा विचारायचे. जो माणूस बारा तास जर्मनमध्ये ड्युटी करतो आणि घरी चेक बोलतो त्याने काय लिहायचं? घरमालक कोण, साहेब कोण ह्यावर ते ठरायचं. त्रिएस्ते बंदरातला किस्सा प्रसिद्ध आहे. शहराचा कारभार इटालियन लोकांच्या हातात, आजूबाजूची खेडी स्लोव्हेन. १८५७ पासून व्हिएन्नाहून तिथे रेल्वे येत होती, १९०६ मध्ये आल्प्समधून दुसरी लाइन आली, त्याच लाइनवर सोल्कानचा तो ८५ मीटरचा दगडी कमानीचा पूल आहे जो आजही लोक बघायला जातात. रेल्वे, पोस्ट, बंदर ह्यांच्या सरकारी नोकऱ्यांत बरेच स्लोव्हेन आले आणि इटालियन नेत्यांची तक्रार की व्हिएन्ना मुद्दाम आमचं शहर बदलतंय. १९१० च्या शिरगणतीत महापालिकेच्या माणसांनी स्लोव्हेन लोकांचा आकडा साधारण ३६ हजार दाखवला, तक्रारी झाल्या, सरकारने परत मोजणी केली तर तो सुमारे ५७ हजार निघाला. २० हजारांवर माणसं कागदावर दुसऱ्याच भाषेत गेली होती.

आता हंगेरीच्या भागात येऊ, कारण तिथलं भांडण जास्त उघड आहे आणि मला जास्त दुःख देणारंही आहे. क्रोएशिया हंगेरीच्या ताब्यात होता पण १८६८ च्या करारानुसार त्याला थोडी स्वायत्तता होती आणि करारात स्वच्छ लिहिलं होतं की क्रोएशियात सरकारी भाषा क्रोएशियन, सामाईक खात्यांच्या तिथल्या कचेऱ्यांनासुद्धा. रेल्वे सामाईक खात्यात. पण प्रत्यक्षात रेल्वे बुडापेस्टहून चालायची, स्टेशनात हंगेरियन पाट्या, हंगेरियन बोलणारा मास्तर, आणि रेल्वे कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी रेल्वेने काढलेल्या हंगेरियन शाळा. गावातल्या शेतकऱ्याला सरकार म्हणजे काय ते दिसायचं कुठे? स्टेशनातच. त्यामुळे पाटीवर काय लिहिलंय ह्याला जे महत्त्व आलं ते आपल्याला सहज कळतं. सीमाभागातल्या पाट्यांवरून आपण जे पाहिलं आहे त्याला विसरून हे वाचता येत नाही.

१९०३ मध्ये झाग्रेबात आणि आसपास ह्या हंगेरियन पाट्यांविरुद्ध आंदोलन पेटलं आणि एप्रिलमध्ये झाग्रेबजवळच्या झाप्रेशिच गावी गोळीबार होऊन एक शेतकरी मेला. रेल्वेच्या पाटीपायी. त्यानंतर खेडोपाडी आग पसरली, २० वर्षं क्रोएशियावर राज्य करणारा हंगेरीचा माणूस, बान म्हणजे गव्हर्नर खुएन-हेदेरवारी, त्याच वर्षी तिथून गेला.

मग एक आशेची जागा आली. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये फ्रानो सुपिलो आणि इतर क्रोएशियन नेत्यांनी रिएकाला एक ठराव केला की हंगेरीतले स्वातंत्र्यवादी लोक व्हिएन्नाविरुद्ध लढतायत, आपण त्यांना साथ देऊ, ते आपल्याला आपले हक्क देतील. पुढच्या वर्षी ते हंगेरियन स्वातंत्र्यवादी खरंच सत्तेत आले. व्यापार मंत्री झाले फेरेन्त्स कोशुत, म्हणजे १८४८-४९ मध्ये व्हिएन्नाविरुद्ध हंगेरीच्या स्वातंत्र्याचा लढा देणाऱ्या लायोश कोशुतचा मुलगा, आणि रेल्वे ह्यांच्याच खात्यात. ह्या माणसाने १९०७ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांचे सेवानियम आणले, त्यात पगार-नोकरीच्या चांगल्या तरतुदीही होत्या, पण कलम असं की कर्मचाऱ्याला हंगेरियन यायलाच हवी, क्रोएशियातसुद्धा. ज्या घराण्याने जर्मनच्या सक्तीविरुद्ध लढा दिला त्याच घराण्यातून ही सक्ती यावी. मी हे वाचताना पुस्तक खाली ठेवलं होतं.

क्रोएशियाचे ४० प्रतिनिधी बुडापेस्टच्या संसदेत बसायचे आणि करारानुसार त्यांना तिथे क्रोएशियनमध्ये बोलायचा हक्क होता, एरवी तो फारसा कुणी वापरायचा नाही. आता त्यांनी वापरला. उठायचं आणि तासन् तास क्रोएशियनमध्ये भाषण करायचं, समोरच्या बहुतेकांना एक अक्षर कळत नाही, अध्यक्षांना कळत नाही की हा विषयाला धरून बोलतोय की नाही, आणि कामकाज ठप्प. रेल्वेतल्या एका कलमासाठी. पण बहुमतापुढे काय चालणार, कायदा झालाच, क्रोएशियाच्या बानने राजीनामा दिला आणि सुपिलोंची ती युती तिथेच संपली. पुढे सर्बियाकडे आणि युगोस्लाव्हियाच्या कल्पनेकडे जे तरुण वळले त्यांना वळवण्यात ह्या सेवानियमांचा वाटा फार मोठा आहे असं माझं मत आहे.

एवढं सगळं वाचून असं वाटेल की हे कामगार एकमेकांचे वैरीच होते. तसं नाही, आणि १९०५ चा नोव्हेंबर बघितल्याशिवाय ही गोष्ट अर्धीच राहील. रशियात ऑक्टोबरमध्ये रेल्वे कामगारांनी अख्ख्या देशाची चाकं थांबवली आणि झारला संसद कबूल करावी लागली, ती बातमी ऑस्ट्रियात पोचली तेव्हा तिथले कामगार सगळ्यांना मताचा हक्क मागत होते आणि रेल्वेवाले पगारवाढ. उघड संप केला तर नोकरी जायची भीती. हंगेरीत आदल्याच वर्षी, १९०४ च्या एप्रिलमध्ये, रेल्वेचा मोठा संप झाला होता तेव्हा सरकारने संपकऱ्यांना लष्करात बोलावून घेतलं, म्हणजे तोच माणूस, तेच इंजिन, पण आता तो शिपाई आणि काम नाकारलं तर कोर्ट मार्शल. त्यामुळे ऑस्ट्रियातल्या कामगारांनी दुसरी वाट काढली, ज्याला आपण नियमानुसार काम म्हणतो.

रेल्वेचं नियमांचं पुस्तक जाड होतं आणि कोणीच ते पूर्ण पाळत नसे, कारण पाळलं तर गाडी हलत नाही. आता त्यांनी ते पाळायला घेतलं. गाडी सुटायच्या आधी प्रत्येक डब्याचा जोड हाताने तपासायचा, ब्रेक तपासायचे, मालडब्याचं प्रत्येक सील बघायचं, कागदावरची प्रत्येक नोंद पडताळायची, यार्डात डबे ढकलताना ठरलेल्या वेगाच्या वर जायचंच नाही. कुणी काही चुकीचं करत नाही, साहेब ओरडणार कशावरून? काही दिवसांत यार्डं तुंबली, मालगाड्या एकामागे एक उभ्या. आणि हे चेक भागातही चाललं, जर्मन भागातही. जे नियमांचं पुस्तक एका भाषेत लिहून सगळ्यांवर लादलं होतं तेच आता सगळ्यांच्या हातात एकसारखं होतं, कारण सगळ्यांना ते पाठ होतं. मला हा तपशील फार आवडतो. सरकारला रेल्वेवाल्यांच्या काही मागण्या मान्य कराव्या लागल्या, आणि १९०७ च्या मे महिन्यात ऑस्ट्रियाच्या भागात सगळ्या पुरुषांच्या मताने पहिली निवडणूक झाली, ५१६ पैकी ८७ जागा समाजवादी लोकशाहीवाद्यांना मिळाल्या.

मग ही एकी टिकली का नाही? कारण युनियनलाही तोच प्रश्न आला जो रेल्वेला आला होता, आतली भाषा कुठली. युनियनचं मुख्य ऑफिस व्हिएन्नात, वर्गणी तिकडे जाणार, संप करायचा की नाही ते तिकडे ठरणार, बैठक जर्मनमध्ये. जर्मन कॉम्रेड म्हणायचे की मालक एकच आहे तर युनियन एकच हवी, फूट पडली तर मार खाऊ, आणि हे शंभर टक्के खरं होतं. चेक कॉम्रेड म्हणायचे की मालकाकडे जर्मन बोलायचं आणि मालकाविरुद्ध लढायचं तर तिथेही जर्मनच बोलायचं का, आणि हेही खरंच होतं. १८९७ मध्ये चेक कामगारांची वेगळी मध्यवर्ती संघटना प्रागमध्ये निघाली, १८९९ मध्ये ब्र्नोच्या अधिवेशनात समाजवादी लोकशाहीवाद्यांच्या पक्षाने सगळ्या राष्ट्रांच्या समान हक्कांचा कार्यक्रम मांडला, व्हिएन्नाच्या ओट्टो बाउअर आणि कार्ल रेनर ह्यांनी कल्पना मांडली की राष्ट्रीयत्व जमिनीला न बांधता माणसाला बांधावं, म्हणजे चेक माणूस कुठेही राहो, त्याच्या शाळा-संस्कृतीचा कारभार चेक लोकांच्या संस्थेकडे. बदलीवर फिरणाऱ्या रेल्वेवाल्याला ह्याहून सोयीची कल्पना असू शकत नाही. पण ती कागदावर राहिली. १९१० ला कोपनहेगनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत चेक कामगारांच्या वेगळ्या युनियनांवर ठपका ठेवला गेला आणि १९११ पर्यंत पक्ष आणि युनियन दोन्ही उभ्या चिरल्या गेल्या होत्या.

आणि ह्या चिरेतून आणखी एक गोष्ट वर आली. बोहेमियातल्या जर्मन कामगारांनी १९०३ मध्ये स्वतःचा जर्मन कामगार पक्ष काढला, त्यात रेल्वेवाले बरेच होते, मुख्य राग चेक कामगारांवर. त्याचा एक पुढारी रुडॉल्फ युंग हा रेल्वेतला इंजिनिअर. ह्या पक्षाने १९१८ मध्ये आपल्या नावात राष्ट्रीय समाजवादी हे शब्द घातले, म्युनिकमधल्या हिटलरच्या पक्षाने तसं नाव घेण्याच्या दोन वर्षं आधी. युंग पुढे नाझी झाला. स्टेशनातल्या नोकरीवरून सुरू झालेला राग कुठवर जातो ते इथे दिसतं.

आपल्याकडे त्याच काळात रेल्वे होतीच, पण भिंत वेगळ्या ठिकाणी होती, वरच्या जागा गोऱ्यांना आणि अँग्लो-इंडियनांना, आणि ते कुणी लपवतही नव्हतं. १८९९ मध्ये जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या सिग्नलर लोकांनी संप केला तेव्हा टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने त्यांची बाजू लावून धरली होती. आपल्याकडे कामगाराचा प्रश्न आणि देशाचा प्रश्न एका बाजूला उभे राहिले, कारण समोर परका मालक होता. ऑस्ट्रियात समोर शेजारीच होता, तोही फायरमन, त्याचाही पगार कमीच, फक्त घरी दुसरी भाषा बोलणारा. म्हणून तिथलं जास्त अवघड होतं असं मला वाटतं.

१९१८ च्या शरद ऋतूत साम्राज्य कोसळलं आणि नवे देश सीमा आखायला बसले, तेव्हा त्यांनी नकाशावर आधी रेल्वे बघितली. ग्म्युंड नावाचं गाव होतं, तिथे लाइनचं मोठं जंक्शन आणि वर्कशॉप, गाव जर्मन, पण चेकोस्लोव्हाकियाला ते जंक्शन हवं होतं, मग १९२० मध्ये गाव ऑस्ट्रियात राहिलं आणि स्टेशन-वर्कशॉपचा भाग चेक देशात गेला, त्याचं आजचं नाव चेस्के वेलेनित्से. त्रिएस्ते इटलीला गेलं आणि तिथल्या स्लोव्हेन रेल्वेवाल्यांच्या बदल्या दूर इटलीच्या आतल्या भागात झाल्या, काहींच्या नोकऱ्या गेल्या. स्लोव्हेनियात जर्मन बोलणाऱ्यांचं तेच झालं. प्रागमध्ये आता चेक येणं गरजेचं होतं. खिडकी तीच, मागे बसणारा बदलला.

आणि टेशिन. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनाही हे गाव हवं होतं, कारण तिथून कोशित्सेकडे जाणारी मोठी लाइन जायची जी चेक आणि स्लोव्हाक भागांना जोडत होती. जानेवारी १९१९ मध्ये दोघांत आठवडाभर लढाई झाली आणि जुलै १९२० मध्ये मोठ्या देशांच्या राजदूतांनी गाव नदीवरून कापलं. जुनं गाव, चौक, चर्च पोलंडकडे, स्टेशन चेकोस्लोव्हाकियाकडे. त्या गावात १९११ पासून एक छोटी ट्राम होती, दोन किलोमीटरसुद्धा लांब नाही, जुन्या गावातून निघायची, पूल ओलांडायची आणि स्टेशनाच्या दारात थांबायची. आता पुलावर नाका आला. ट्राम थोडे दिवस तशीच चालवायचा प्रयत्न झाला, १९२१ मध्ये बंद झाली, आणि लोक सामान हातात घेऊन, कागद दाखवत, पुलावरून चालत आपल्याच स्टेशनात जायला लागले.